आरतीनंतरचा माइक

सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा प्रश्न आहे. गणपतीत त्यांच्याकडे विधानसभेचे एक इच्छुक आरतीला आले. आरती झाली, त्यांनी माइक मागून घेतला आणि म्हणाले, "बाप्पाच्या साक्षीने सांगतो, या वेळी आपल्या धर्माच्या माणसालाच निवडून द्या." टाळ्या पडल्या. सोसायटीत मुसलमान आणि ख्रिश्चन कुटुंबंही राहतात, त्यांनीही वर्गणी दिलेली. सेक्रेटरी विचारतात: हे कायद्यात बसतं का? तक्रार कुठे करायची? आणि असल्या बोलण्याने खरंच मतं मिळतात का?

मी पुण्यात वकिली करतो. सव्वीस वर्षं निवडणुकीचं काम पाहतोय. कधी उमेदवाराचा निवडणूक प्रतिनिधी म्हणून, कधी हरलेल्याची याचिका घेऊन, आणि दोन-तीनदा जिंकलेल्याची खुर्ची वाचवायला. सगळ्या रंगांची उपरणी माझ्या ऑफिसात येऊन गेली आहेत, त्यामुळे या उत्तरात कुणा एकाची बाजू शोधू नका.

निकाल आधी सांगतो. तुमच्या पाहुण्यांचं वाक्य आमदारकी घालवणारं आहे. पण ते त्यांनी ज्या दिवशी उच्चारलं, त्या दिवशी कायद्याच्या लेखी ते उमेदवारच नव्हते.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ यातलं कलम १२३ हे भ्रष्ट आचरणाचं कलम. त्याच्या पोटकलम ३ प्रमाणे उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कुणीही धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषेच्या आधारावर मत द्या किंवा देऊ नका असं आवाहन केलं, किंवा धार्मिक चिन्हांचा वापर केला, तर निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकते. आधी या कलमात 'पद्धतशीर' आवाहन असा शब्द होता. १९६१ च्या दुरुस्तीत तो गेला, त्यामुळे आज एकदा बोललेलं वाक्यही पुरतं. त्याच दुरुस्तीत 'त्याचा धर्म' असं शब्दयोजन आलं आणि 'त्याचा' म्हणजे कुणाचा यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. फक्त उमेदवाराचा, की मतदाराचाही? १९९० च्या सांताक्रूझ विधानसभा निवडणुकीतून निघालेल्या अभिराम सिंह प्रकरणात २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी ४ विरुद्ध ३ असा निकाल दिला: मतदाराचाही. म्हणजे 'मी अमुक धर्माचा, मला मत द्या' हे जितकं वाईट, तितकंच 'तुम्ही अमुक धर्माचे, म्हणून मला मत द्या' हेही वाईट. निवडणूक १९९० ची आणि कायद्याचा अर्थ लागला २०१७ साली. या खात्यात वेळेचं हे असं आहे.

आता तारखेचं सांगतो. प्रश्न विचारणाऱ्यांना नेमकं हेच ठाऊक नसतं आणि उमेदवारांना मात्र पाठ असतं.

भ्रष्ट आचरण व्हायला आधी 'उमेदवार' असावा लागतो, मग बोलणारा तो स्वतः असो, त्याचा प्रतिनिधी असो की त्याच्या संमतीने बोलणारा दुसरा कुणी. उमेदवार कोण? कलम ७९ सांगतं, ज्याचं रीतसर नामनिर्देशन झालं आहे किंवा तसं झाल्याचा जो दावा करतो, तो. म्हणजे अर्ज भरेपर्यंत माणूस इच्छुक असतो, आणि इच्छुकाला हे कलम लागत नाही. पूर्वी असं नव्हतं. जुन्या व्याख्येत एक शेपूट होतं: निवडणूक डोळ्यासमोर ठेवून ज्या दिवसापासून माणूस स्वतःला भावी उमेदवार म्हणून पुढे करू लागला, त्या दिवसापासून तो उमेदवार. रायबरेलीत हरलेल्या राजनारायण यांच्या याचिकेत याच शेपटाने इंदिरा गांधींना अडचणीत आणलं. त्यांनी अर्ज भरला १ फेब्रुवारी १९७१ रोजी, पण अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना २९ डिसेंबर १९७० पासून उमेदवार धरलं आणि १२ जून १९७५ रोजी निवड रद्द केली. अपील पडून असताना, ऐन आणीबाणीत, संसदेने व्याख्येचं शेपूट छाटलं आणि तेही मागच्या तारखेपासून. नोव्हेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. आणीबाणीतलं पुष्कळ काही नंतर उलटवलं गेलं, हे तसंच राहिलं. कुठल्याच पक्षाला ते परत नको होतं.

आता एकदा पेठांतून फिरून या आणि चौकाचौकातले फ्लेक्स वाचा. 'भावी आमदार', 'भावी नगरसेवक', शेजारी बाप्पा, खाली बारा पोरांचे गॉगल लावलेले फोटो. जुनी व्याख्या असती, तर यातला प्रत्येक 'भावी' हा स्वतःच्या हाताने लिहून दिलेला कबुलीजबाब ठरला असता. आज तो नुसता फ्लेक्स आहे. परवानगी घेतली नसेल तर महापालिकेने उतरवायचा, एवढंच.

आणि वेळापत्रक कसं बसतं पाहा. २०२४ च्या विधानसभेला गणेशोत्सव ७ ते १७ सप्टेंबर, दसरा १२ ऑक्टोबर. आचारसंहिता लागली १५ ऑक्टोबरला आणि अर्ज भरले गेले २२ ते २९ ऑक्टोबर या काळात. म्हणजे गणपती गेले, दांडिया झाल्या, सोनं लुटून झालं, आणि मग कायदा जागा झाला. सापडली ती फक्त दिवाळी. त्या दिवाळीत एका उमेदवाराच्या 'दिवाळी पहाट'ची पत्रिका माझ्यापुढे आली. वर त्याचं नाव, फोटो, शेजारी लक्ष्मी. मी नाव काढायला लावलं, कारण आता गाणाऱ्याच्या मानधनापासून उटण्याच्या पुडीपर्यंत सगळं त्याच्या खर्चात पडलं असतं आणि विधानसभेची मर्यादा ४० लाखांची. तो म्हणाला, "वकीलसाहेब, नाव नसेल तर कार्यक्रम कशाला?" इतकं प्रामाणिक उत्तर मला क्वचितच कुणी दिलं असेल. २०१९ ला मात्र आचारसंहिता २१ सप्टेंबरलाच लागली होती आणि नवरात्र पूर्ण तिच्यात सापडलं. त्या वर्षी देवीच्या मंडपांत भाषणं कमी झाली आणि नुसते नमस्कार वाढले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

खर्चाचंही घड्याळ तेच. हिशेब धरला जातो अर्ज भरल्यापासून निकाल लागेपर्यंत. अष्टविनायकाच्या बसगाड्या, काशी-अयोध्येच्या सहली, उज्जैन, शिर्डी, त्या त्या वस्तीप्रमाणे अजमेर आणि वेलांकणी, पालखी पुण्यात मुक्कामाला आली की भवानी पेठेत आणि नाना पेठेत वाटलेले रेनकोट, रमजानातले इफ्तार, हे सगळं त्या खिडकीच्या बाहेर. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक लांबतच गेली, तेव्हा इच्छुकांचे हाल बघण्यासारखे होते. लोकांना दरवर्षी देवदर्शन घडवायचं, आणि निवडणूक काही येईना! एकजण मला म्हणाला, "चारधाम झालं साहेब, आता यांना कुठं नेऊ?"

या खिडकीच्या आत तरी नेमकं काय चालत नाही? देवळात जाणं चालतं. कसबा गणपतीपुढे प्रचाराचा नारळ फोडणं चालतं. कपाळाला गंध, गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर गोल टोपी, सगळं चालतं. अर्जाबरोबर जी शपथ घ्यावी लागते, तिच्यातच राज्यघटनेने दोन पर्याय दिले आहेत: 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. उमेदवाराची श्रद्धा कायद्याला चालते. ती मतपेटीशी जोडून केलेली मागणी चालत नाही.

ही मागणी कुठे सुरू होते, यावर न्यायालयांनी फार बारीक कीस पाडला आहे. बिहारमधल्या एका आदिवासीबहुल मतदारसंघातल्या उमेदवाराचं चिन्ह होतं कोंबडा. त्याच्या पत्रकात कोंबडाच मतदारांशी बोलतो: मला मतांचा चारा घाला. तिथल्या धार्मिक विधींत कोंबड्याला स्थान आहे, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते धर्माचं आवाहन ठरवलं. उलट हरियाणाच्या भागातल्या एका निवडणुकीत 'ॐ' असलेला झेंडा मिरवला गेला, आणि तेवढ्याने ते धार्मिक चिन्हाचं आवाहन होत नाही असं १९६४ साली म्हटलं गेलं. कोंबडा पकडला आणि ॐ सुटला! हसू नका, दोन्ही निकाल वाचले की पटतात. चिन्ह काय आहे यापेक्षा ते कुणापुढे, कुठे आणि कशासाठी धरलं, याला महत्त्व असतं.

आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं जोडपं म्हणजे ११ डिसेंबर १९९५ चे दोन निकाल, दोन्ही एकाच दिवशी दिलेले. पहिला पार्ल्याचा. १९८७ च्या डिसेंबरातली पोटनिवडणूक, उमेदवार डॉ. रमेश प्रभू, भाषणं बाळासाहेब ठाकरे यांची. मत हिंदू म्हणून मागितलं गेलं, असं ठरून उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केलेली निवड सर्वोच्च न्यायालयात रद्दच राहिली, आणि पुढे ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. दुसरा दादरचा. मनोहर जोशी २४ फेब्रुवारी १९९० रोजी शिवाजी पार्कच्या सभेत म्हणाले होते की पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल. उच्च न्यायालयाने त्यांचीही निवड रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, विधान तिरस्करणीय आहे, पण ती आशा व्यक्त केली आहे, मत मागितलेलं नाही. निवड वाचली. त्या दिवशी जोशी राज्याचे मुख्यमंत्री होते.

तेव्हापासून प्रत्येक पक्षाच्या भाषण लिहिणाऱ्यांनी हा धडा गिरवला आहे. मत मागायचं त्या वाक्यात धर्म नको, आणि धर्म काढायचा त्या वाक्यात मत नको. दोन वाक्यांच्या मध्ये एक टाळी घ्यायची. २०२४ च्या प्रचारातल्या घोषणा आठवून पाहा. 'बटेंगे तो कटेंगे' मध्ये कुठल्याच धर्माचं नाव नाही. ऐकणाऱ्याला मात्र कुणी समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्या बाजूला मौलवींची आवाहनं फिरली, तीही उमेदवाराच्या तोंडून नव्हती, परस्पर होती. परस्पर बोलणाऱ्याला उमेदवाराची संमती होती हे सिद्ध करायचं असतं, आणि गाडी तिथेच अडकते. 'माझ्या मंडळाच्या पोरांनी उत्साहात लावलं, मला कल्पना नव्हती', हे वाक्य मी स्वतः उत्तरपत्रात लिहिलं आहे. फार चालतं ते.

शहरातलं हे सगळं मला तुलनेने सौम्य वाटतं. श्रद्धेचा खरा जालीम उपयोग पाहायचा असेल तर जिल्ह्यात चला. ग्रामपंचायतीची निवडणूक, मतदानाच्या आदल्या रात्री. पाकीट दिलं जातं, पण मत गुप्त. दिलेल्या पैशाचं मत पडलं की नाही, कळणार कसं? म्हणून भंडारा पुढे येतो. जेजुरीच्या खंडोबाच्या नावाने बेलभंडार उचलायला लावतात. कुठे तुळशीच्या माळेवर हात, कुठे पोराच्या डोक्यावर. भंडारा उचललेली बाई दुसऱ्या दिवशी मतदान केंद्रात एकटी असली तरी एकटी नसते. एका गावात एक आजी मला म्हणाल्या होत्या, "पैसं परत देता येत्यात बाबा, भंडारा कसा परत देऊ?" आरतीनंतरच्या भाषणाने मत फार तर कलतं. इथे ते बांधलं जातं.

कायद्याने हे मात्र नेमकं ओळखलं आहे. कलम १२३(२) म्हणतं, देवाचा कोप होईल किंवा धर्मगुरूचा रोष ओढवेल असं मतदाराला भासवणं हा गैरवाजवी प्रभाव आहे. नामधारी शिखांच्या गुरूंनी काढलेल्या हुकमावरून एक निवडणूक १९५९ च्या निकालात रद्द झालेली आहे. ग्रामपंचायतीला हा कायदा लागत नाही, पण भारतीय न्याय संहितेचं कलम १७१ लागतं. त्यातही देवाच्या कोपाचा स्पष्ट उल्लेख आहे आणि शिक्षा एक वर्षापर्यंतची. फिर्याद द्यायला कोण येतं? भंडारा उचलायला लावणारा आणि उचलणारी, दोघांनाही गावातच राहायचं असतं.

मतं मिळतात का, याचं माझं उत्तर ऐकून उमेदवार नाराज होतात. पुण्यात आरतीला गेल्याने मत मिळत नाही, न गेल्याने जातं. सार्वजनिक गणेशोत्सव लोकमान्यांच्या काळापासून राजकारणाला चिकटलेला आहे, त्यात नवल काहीच नाही. पण उमेदवार मंडळाकडे जातो तो भक्तीसाठी कमी आणि पोरांसाठी जास्त. मंडपाचे वासे बांधणारी, विसर्जनाला चोवीस तास पायावर उभी राहणारी पोरंच पुढे स्लिपा वाटतात आणि बूथवर बसतात. मंडळाचा अध्यक्ष फिरला तर तीस पोरं फिरतात. बाप्पा आहे तिथेच असतो. कसब्याचंच घ्या. मानाचा पहिला गणपती जिथे आहे, तो मतदारसंघ १९९५ पासून भाजपचा. मार्च २०२३ मध्ये पोटनिवडणुकीचा निकाल लागला आणि काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे ११ हजारांनी निवडून आले. पुढच्याच वर्षी जागा परत भाजपकडे. मतदारांची श्रद्धा दीड-दोन वर्षांत दोनदा बदलली, असं कुणी म्हणेल का? माझ्या मते तिथे गल्लीतला संपर्क आणि उमेदवारीवरची नाराजी बोलली. आणि जरा मागे गेलात तर याच शहराने १९५७ ला ना. ग. गोरे आणि १९६७ ला एस. एम. जोशी यांना लोकसभेवर पाठवलं. दोघे समाजवादी, दोघांची ओळख देवळातून आलेली नव्हती.

आता तुम्ही काय करायचं ते.

झालेल्या प्रसंगाची निवडणूक याचिका होणार नाही, ती आशा सोडा. धर्माधर्मांत द्वेष पसरवणारं काही बोलले असते, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ कुठल्याही तारखेला लागतं, त्यासाठी आचारसंहिता लागू असण्याची गरज नाही. तुम्ही लिहिलेलं वाक्य मला तिथपर्यंत जाणारं वाटत नाही. १९८८ चा एक कायदा धार्मिक स्थळाच्या आवारात राजकीय काम करायला मनाई करतो, शिक्षा पाच वर्षांपर्यंतची. दहा दिवसांच्या सोसायटीच्या मंडपाला तो लागतो का, यावर दोन वकील आनंदाने दोन वर्षं भांडतील. सोसायटीत कायमचं छोटं देऊळ असेल आणि भाषण त्याच्या ओट्यावर झालं असेल, तर गोष्ट वेगळी. तेवढं मला कळवा.

पुढच्या वेळी, आचारसंहिता लागू असताना असं काही झालं, तर निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल हे तक्रारीचं ॲप उघडून त्यातूनच चित्रण करा. गॅलरीतला जुना व्हिडिओ ते घेत नाही. तक्रारीवर १०० मिनिटांत कार्यवाही अपेक्षित असते आणि भरारी पथक खरोखर येतं, असा माझा अनुभव आहे. शिवाय निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आयोगाने मनावर घेतलं तर दातही दाखवतो. एप्रिल २०१९ मध्ये एकाच दिवशी योगी आदित्यनाथांना ७२ तास आणि मायावतींना ४८ तास प्रचारबंदी झाली होती, दोघांनाही धर्माच्या आधारावरच्या भाषणांसाठी. मूळ चित्रण पुसू नका, व्हॉट्सॲपवर आलेली प्रत कोर्टात अर्धी मेलेली असते. विधानसभेच्या याचिकेला निकालापासून ४५ दिवसांची मुदत आहे. महापालिकेला तर त्याहून कितीतरी तोकडी. लोक माझ्याकडे पन्नासाव्या दिवशी पेढ्यांऐवजी पेन ड्राइव्ह घेऊन येतात.

एक शेवटचं, जे कुठल्याच कलमात नाही. पाहुणे येणारच, सगळ्या पक्षांचे येणार. त्यांना आरतीला उभं करा, ताट हातात द्या, प्रसाद द्या, वर्गणी दिली तर पावती फाडा. पण सोसायटीच्या सभेत आधीच ठराव करून ठेवा की आरती संपली की माइकचं बटण बंद. आमच्या सोसायटीत हे काम साउंडवाल्याकडे दिलेलं आहे. मंत्रपुष्पांजलीचा शेवटचा शब्द झाला की तो वायर काढून घेतो आणि गुंडाळत गुंडाळत जिना उतरतो. गेल्या खेपेला एका माजी नगरसेवकांनी त्याला जिन्यात गाठलं होतं. त्याने सांगितलं, "साहेब, सेक्रेटरींना विचारा," आणि सेक्रेटरी तोवर मुद्दाम मोदक आणायला स्वयंपाकघरात गेलेले होते.